चाकाला झेंडूचा हार

दसऱ्याला झेंडूचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. त्या साली पुरात माझा भाऊ शेतातल्या गोठ्याच्या पत्र्यावर अडकला होता. सरकारी शेडमध्ये बचावाची बोट दोन चाकांच्या ट्रॉलीवर ठेवलेली होती. मी तिला ट्रॅक्टर जोडून ओढलं, तर चाकं फिरेचनात. ट्रॉलीचा जस्त चढवलेला सांगाडा नव्यासारखा चमकत होता, चाकांवर मागच्या दसऱ्याचे वाळलेले हार आणि हळदीकुंकू होतं, आणि आत बेअरिंग गंजून दगड झालेलं. तलावातल्या सरावात ही चाकं पाण्यात बुडाली होती, पण नंतर ती उघडून ग्रीस भरायचं कुणाला सुचलं नव्हतं. “कावून बे, ग्रीस न्हाई लावलं?” मी शेडवाल्याला विचारलं. “दर दसऱ्याला पूजा तर करतो की आमी,” तो म्हणाला. मी हार तोडून त्याच्या अंगावर फेकला. मग गावातली आठ-दहा पोरं गोळा करून आम्ही बोट खांद्यावर घेऊन चिखलातून निघालो. पोहोचलो तेव्हा भाऊ पत्र्यावरच होता, पण त्याने वरून धरून ठेवलेले बैल वाहून गेले होते आणि हातात नुसतं तुटलेलं दावं उरलं होतं. आज बायको हार घेऊन ट्रॅक्टरपाशी ताटकळत उभी आहे. राहू दे उभी. अजून एक चाक उघडायचं बाकी आहे.