पुढच्या दोन रांगा

गोंदिया वेगळा झाला तेव्हा भंडारा जिल्ह्याचं काय नुकसान झालं ते पुढाऱ्यांना विचारा. माझी मात्र अर्धी कीर्ती एका झटक्यात परजिल्ह्यात गेली. उरलेल्या अर्धीवर मी तबला वाजवतो, कादंबऱ्या लिहितो आणि बोलावलं तिथे सूत्रसंचालन करतो. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं. खरी गोष्ट अशी की तबलजी मला ‘लेखक महाशय’ म्हणतात, विशेषतः माझी सम चुकली की. लेखक मंडळी ‘आपले तबलजी’ म्हणतात. बाकीचा जिल्हा म्हणतो ‘तो माइकवाला’. लाखनीपासून सिहोऱ्यापर्यंत लग्न, स्नेहसंमेलन, शंकरपटाची बैलशर्यत, श्रद्धांजली, कशालाही माझा आवाज चालतो. एकदा घाटावरच्या शोकसभेत मी ‘टाळ्यांच्या गजरात’ म्हणता म्हणता थांबलो होतो. बायको ते अजून पाहुण्यांना सांगते.

तिसरी कादंबरी आली ती विणकरांवर. म्हणजे बाबांवर. बाबा मोहाडीला जन्मभर मागावर बसले, बारीक काठ विणता विणता डोळे अधू झाले. पुस्तक हातात दिलं तर त्यांनी शिवण चाचपली, कागद दोन बोटांत चोळून पाहिला.

“पोत बरा हाय. आत काय लिवलं?”

“प्रकाशनाच्या दिवशी सांगतो ना, बाबा. भाषणात.”

सांगायचं होतं ते एवढंच. लहानपणी मी मागाजवळच्या गोधडीवर झोपायचो. धोटा इकडून तिकडे जायचा, फणी ठोकली जायची, आणि ती लय झोपेतच माझ्या अंगात शिरली. तबला मी नंतर शिकलो. बाबांच्या हिशेबी मात्र मी माग सोडून पळालेला पोरगा. “हात चालून राह्यले त मागावर चालव,” हे मी मिसरूड फुटल्यापासून ऐकत आलो. ‘बाबा, मी माग सोडला नाही, हातात घेऊन गेलो’ हे वाक्य मी कितीतरी दिवस घोटून ठेवलं होतं. समोरासमोर असलं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. माइक लागतो.

भंडाऱ्यात प्रकाशन ठरलं. आयोजक मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “सर, संचालन तुमीच करा. तुमच्यासारखा दुसरा हाय कोन?” स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टकं म्हणावी तसा प्रकार. पण स्तुतीपुढे मी फार कच्चा आहे. हो म्हणालो. वर स्वागतगीताला तबल्यावरही मीच बसलो.

बाबा सकाळच्याच बसने आले. अंगावर स्वतः विणलेला दुपट्टा. मी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. त्यांनी कान माइककडे करून ठेवला आणि बसले तसे बसून राहिले.

प्रमुख पाहुणे दुपार कलल्यावर उगवले, सोबत गाड्या भरून माणसं. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. “पुढच्या दोन रांगा खाली करवा, लवकर.”

हे वाक्य माझ्या तोंडाला ठेक्यासारखं बसलेलं आहे. त्यासाठी डोकं लागत नाही.

“सन्माननीय रसिकहो, पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी मोकळ्या कराव्यात, ही नम्र विनंती.”

सगळ्यात आधी बाबा उठले. भिंतीला हात लावत लावत मागे गेले आणि दारापाशी उभे राहिले. मी वरून पाहत होतो, आणि तोंड ‘धन्यवाद, धन्यवाद’ म्हणत होतं.

पाहुण्यांनी पुस्तक उलटं धरून फोटो काढला, मग धानाच्या बोनसवर बोलले. ते बसतात न बसतात तोच अध्यक्ष पुन्हा कानाशी.

“साहेबाइले कारध्याच्या कार्यक्रमाले जायचं हाय. तुमचं मनोगत राहू द्या, सर. आभार मानून टाका.”

मी माइक जवळ घेतला. “वेळेअभावी लेखकाचं मनोगत आपण पुस्तकातच वाचावं.” हशा झाला, टाळ्या पडल्या. दिवसभरातली सगळ्यात मोठी दाद तीच. मग मी रीतसर सगळ्यांचे आभार मानले. सूत्रसंचालकाचेही.

बाबांना सोडायला बसस्टँडवर गेलो.

“बाबा, मले बोलाले भेटलंच नाही.”

“काहून? सकाळपासून तूच त बोलून राह्यला होता.”

“ते नाही. पुस्तकाचं. तुमच्या मागाचं.” आणि ते घोटलेलं वाक्य एकदाचं तोंडात आलं, पण आलं ते माइकच्याच आवाजात. “बाबा, मी माग सोडला नाही...”

बाकांवरचे लोक वळून पाहू लागले. एक बाई तर कोणती गाडी लागली म्हणून पिशवी घेऊन उठलीच.

“हळू बोल ना बे,” बाबा म्हणाले. “लोक पाहून राह्यले.”

तेवढ्यात त्यांची बस लागली. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, पुस्तक मांडीवर ठेवलं, आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. “तुह्ये बाबा सकाळपासून साऱ्या मोहल्ल्याले सांगून राह्यले. घे, आयक.” तिने फोन अंगणाकडे धरला. शेजारचे काका विचारत होते, “मंग पोराच्या पुस्तकात हाय तरी काय?”

“ते त नाही सांगतलं त्यानं,” बाबांचा आवाज आला. “पर आवाजात लय ताकद हाय पोराच्या. त्यानं म्हटलं उठा, त दोन रांगा उभ्या झाल्या. मीबी उठलो ना!”