तात्यांची सायकल, माझं फ्रीव्हील आणि नरसिंहपूरची वाट

सायकलीवरून नरसिंहपूरला जावं असं मला जन्मात वाटलं नव्हतं. माझं बारामतीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या सायकली उलट्या करून बसणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी सायकल बघवत नाही. तरी गेलो, कारण सासऱ्यांना एकटं सोडायला बायको तयार नव्हती आणि सासरे थांबायला तयार नव्हते.

सासरे म्हणजे तात्या. जन्मभर कॅनॉलवर पाटकरी होते, म्हणजे पाटांना पाणी सोडायचं काम, आता सांगवीत एकटे राहतात. कॅनॉलवरच्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना आपली लांब पल्ल्याची सायकल त्यांना देऊन टाकली. ती तेव्हाच म्हातारी होती. पुढं तात्यांनी तिच्यावरून सगळा कॅनॉल कितीदा पालथा घातला, ते कॅनॉललाच ठाऊक.

यंदा उन्हाळ्यात मी ती उघडली. चाकांच्या आतले छर्रे झिजून मुगाएवढे झाले होते. साखळी इतकी लांबली होती की मधून लोंबत होती. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर घासणारी एक पळी, तीही झिजलेली. मी छर्रे बदलले, साखळी बदलली, रिमला दोन्ही बाजूंनी धरणारे नवे ब्रेक बसवले. शिवाय तात्यांच्या वयाचा विचार करून मागच्या चाकाला फ्रीव्हील बसवलं. पूर्वी चाकाबरोबर पायडल फिरतच राहायचं. फ्रीव्हील असलं की पाय थांबवले तरी चाक आपलं पुढं पळतं, उतारावर आयती सवारी. तात्यांनी कौतुक केलं नाही. पण जावयाच्या कामाला नावं ठेवायची नसतात म्हणून गप्प बसले.

श्रावणात ते सायकलीसकट कॅनॉलमध्ये गेले. गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते, पागोटं कोरडं होतं. ज्यांनी वर काढलं त्यांना म्हणाले, "पाय आवरलं, पर सायकल थांबलीच न्हाय. संपलं गड्या. पायच ऐकंना झालं." हे ते इतक्या हळू म्हणाले की ऐकणाऱ्यानं आम्हाला सांगताना डोळे पुसले.

आमची मंडळी, म्हणजे तात्यांची थोरली लेक सरू, त्याच दिवशी सांगवीला जाऊन त्यांना घेऊन आली. तेव्हापासून तात्या आमच्या ओट्यावर. लेकीच्या घरी बसून खाणं त्यांच्या जिवावर येई. अर्धीच भाकरी खात आणि पोट भरलं म्हणत. सांगवीला परत जायचं तर सायकल हवी, आणि सायकलीचं नाव काढलं की सरूचा आवाज चढे. शेवटी नवरात्रात तात्या म्हणाले, "दसऱ्याला दरसाल नरसिंहाला जातो, तसा औंदाबी जाणार. सायकलीवर. धडपणी आलो तर सांगवीला जाईन. न्हाय तर तुज्या ओट्यावर मरंन."

सरूनं पदर खोचला. "जावा. पर एकादशीला दिवं लागायच्या आत दारात पायजे. आन वाटंत जे मोडंल ते आढ्याला टांगीन. मग रडायचं न्हाय."

खंडेनवमीला सकाळी निघालो, तात्या त्यांच्या सायकलीवर आणि मी माझ्या. दुकान त्या दिवशी बंदच असतं, म्हणून मला दिवस सोयीचा वाटला. पहाटे उठून पाने, हातोडी, छिन्नी, पंप सगळं धुतलं, पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली आणि नमस्कार करून निघालो. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही आमची रीत. थोडक्यात, सायकल दुरुस्त करणारा माणूस जुन्या सायकलीबरोबर लांबच्या प्रवासाला मोकळ्या हातांनी निघाला. हे माझ्या लक्षात सणसरच्या पुढं आलं. मी तात्यांना सांगितलं नाही.

रस्ता म्हणाल तर बरा आहे. खडी आहे, धुळीला तोटा नाही, आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत सायकलीचं चाक अडकतं, तेव्हा कडेनं चालवावी. पण कडेला बाभळी आहेत आणि बाभळीला काटे आहेत, तेव्हा मधून चालवावी. कॅनॉलच्या पाण्यावरचा ऊस दोन्ही बाजूंना उभा होता. तात्या प्रत्येक पाटाकडं बघून तो कोणी फोडला होता ते सांगत होते. पण उतार आला की गप्प होत, खाली उतरत आणि सायकल हातात धरून चालत. साध्या ओढ्याच्या उतारालासुद्धा. मीही उतरून त्यांच्याबरोबर चालायचो. वाईट मात्र फार वाटलं.

लासुर्ण्याला झाडाखाली फडक्यातली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. एका मळ्यातल्या बाईनं न मागता ताक दिलं आणि पैसे विचारल्यावर रागावली.

अंथुर्ण्याच्या अलीकडं कट्ट असा आवाज आला. तात्यांचे पाय गरगर फिरायला लागले आणि सायकल जागच्या जागी थांबून कलली. फ्रीव्हीलच्या आतले खटके तुटले होते. म्हणजे पायडल मारा की नका मारू, चाकाला त्याची खबरच नाही.

मी खाली वाकलो तसे तात्या ओरडले, "आवो जावईबापू, उठा! जावयानं सासऱ्याच्या सायकलीम्होरं मातीत बसायचं? लोकं काय म्हनतील?"

"तात्या, हे फ्रीव्हील मीच बसवलंय. दुकानात काय उभ्यानं बसवलं?"

"दुकानात तुमी दुकानदार. रस्त्यावर जावई."

फ्रीव्हील उघडायला एक छिन्नी आणि हातोडी मिळाली असती तरी काम भागलं असतं. अंथुर्ण्याच्या लोहाराकडं सायकल ढकलत नेली. लोहार न्हाऊनधुऊन, नवं धोतर नेसून बसला होता. ऐरणीवर झेंडूची माळ होती, हातोडीला कुंकू लावलेलं होतं.

"उद्या सीमोल्लंघन झालं की या," तो म्हणाला. "आज हात न्हाय लावायचा. तुमी बारामतीचं दिसता, तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

"धंदा काय करता?"

"सायकली दुरुस्त करतो."

"मंग तुमची हत्यारं?"

"घरी, पाटावर," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बायकोला आत चहा टाकायला सांगितला. उद्या संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर दसऱ्याचं दर्शनही चुकलं असतं आणि एकादशीची वेळही. पारावर बसलेल्या एका आबांनी आपली बैलगाडी देऊ केली. सायकल गाडीत घालायची आणि बारामतीला सोडायची. आबांचं मन मोठं होतं. तात्यांचा चेहरा मात्र पडला. गाडीतून घरी जायचं म्हणजे कायमचं ओट्यावर जायचं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्यांनी पायडल हातानं फिरवून बघितलं, मागचं चाक हललं नाही. मग म्हणाले, "जावईबापू, ही दात्याची चकती चाकाच्या ताराला बांधली तर?"

"बांधली तर चाक आणि पायडल एकत्र फिरतील. पाय थांबवता येणार नाहीत. तुमची सायकल पूर्वी होती तशी होईल."

"मंग बांधा की."

आता प्रश्न आला दोरीचा. दोरी हत्यारात बसते की नाही, यावर पारावर चांगली चर्चा झाली. लोहाराचं म्हणणं पडलं की विहिरीवरच्या मोटेला बांधतात ते नाडं आज पुजलंय, मग दोरीला कसा हात लावायचा? आबा म्हणाले, "नाडं पुजलं ते मोटंबरूबर. गोठ्यातल्या दाव्याला कुनी फूल वाहिलंय का? मंग?" लोहार उठून गोठ्याकडं गेला. अंबाडीची सुतळी आली. ती ओली करून, दात्यांच्या चकतीवरच्या भोकांतून ओवून, तारांना घट्ट आवळून बांधली. मातीत बसून मीच बांधली. जावयाला असं बसलेलं बघवेना म्हणून तात्या तोंड फिरवून उभे राहिले.

मी म्हणालो, "हळू चालवा. ब्रेक दाबत चला."

तात्या बसले. पारापासून ओढ्यापर्यंत उतार होता. मला वाटलं, उतरतील. उतरले नाहीत. खाली निघाले, मध्येच पाय आवरले आणि सायकल हळू होत होत ओढ्याच्या काठावर अगदी अलगद थांबली. ब्रेकला त्यांचा हातही नव्हता. ते तसेच पाय टेकून, पाठमोरे उभे राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस जन्मभर पायांनी सायकल थांबवत आला. मी फ्रीव्हील बसवलं. श्रावणात त्यानं पाय आवरले, पण ते चाकापर्यंत पोचलेच नाहीत. त्याचे पाय गेले नव्हते. मी ते चाकापासून तोडले होते.

जवळ गेलो तर तात्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. "पाय माजंच हायती," ते म्हणाले. "बगा की. ऐकत्यात."

"ऐकतात तात्या," मी म्हणालो, आणि नाक शिंकरायला बाजूला झालो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढं मला दमच उरला नव्हता. तात्या पुढं, मी मागं. निमगाव केतकीला पानमळ्यातली ताजी पानं खाल्ली, ती जाणाऱ्यानं चुकवू नयेत. इंदापुरात धर्मशाळेत जागा मिळते, ढेकणांचीही सोय आहे. दसऱ्याच्या सकाळी नरसिंहपूरला पोचलो. भीमा आणि नीरा तिथं मिळतात. संगमावर अंघोळ करून दर्शन घेतलं. तात्यांनी देवापुढं हात जोडले, मग बाहेर येऊन सुतळीलाही कुंकू लावलं. मी म्हटलं, "आता ती पुजली, संध्याकाळी सीमोल्लंघन होईपर्यंत वापरता येणार नाही." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की परत इंदापूर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

एकादशीला उन्हं कलताना बारामतीत शिरलो. आमच्या गल्लीला उतार आहे आणि उताराच्या शेवटी आमचं दार. सरू उंबऱ्यात उभी होती. बाप उतारावरून येताना बघून तिनं तोंडावर हात ठेवला. तात्यांनी पाय आवरले. सायकल तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"मोडलं का काय?" तिनं विचारलं.

तात्यांना खोटं बोलता येत नाही. "मोडलं," ते म्हणाले आणि मान खाली घातली.

मी सगळं सांगितलं. सुतळी दाखवली, तुटलेले खटके कुठं आहेत ते दाखवलं, श्रावणात काय झालं असणार तेही सांगितलं. सरूनं ऐकून घेतलं. मग वडिलांच्या गुडघ्यांकडं बघितलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाली, "जे मोडंल ते आढ्याला टांगीन म्हनलं हुतं. काडा ते."

तात्या आता सांगवीला असतात. दर बाजाराच्या दिवशी सायकलीवरून येतात, पूर्ण भाकरी खातात आणि ऊन उतरलं की परत जातात. मागच्या चाकाला मी जुन्या पद्धतीची, चाकाबरोबर फिरणारी चकती बसवून दिली. नवे ब्रेक तेवढे ठेवले, कारण सरूनं सांगितलं. आमच्या घरात आढ्याला एक फ्रीव्हील टांगलेलं आहे. जेवताना बरोबर माझ्या पाटासमोर येतं.