खोटा हात

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात, धान कापलेल्या शेतात नाटक होतं. माईक कुठला! जिचं गाणं ऐकायला लोक पोंभुर्ण्याहून बैलबंड्या जुंपून येत, त्या नटीनं दुपारीच मला, शाळामास्तरला, पार शेवटच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं केलं. गाणं ऐकू आलं की हात वर करायचा.

दोनदा स्वच्छ ऐकू आलं. तिसऱ्यांदा काहीच नाही. पण एवढ्या मोठ्या गायिकेला नाही कसं म्हणायचं? मी हात वर केला.

धसकटं तुडवत ती अनवाणीच माझ्यापर्यंत आली.

"मास्तर, या खेपेले मी गायलीच नाई, नुसते ओठ हालवले. खोटा हात काऊन वर केला? इथी बाया बसतात. त्याईले ऐकू नाई आलं, तरी त्या बोलत नाईत."

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "समजलं?" सगळे हात वर झाले. मी खडू ठेवला आणि शेवटच्या रांगेतल्या पोरींजवळ जाऊन बसलो.