बोटांवरचे कोन

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिचा भाचा बोलत होता. पहाटे झोपेतच गेली म्हणाला. मी बरं म्हटलं आणि उरलेली जुडी निवडून टाकली. त्याला महिना झाला. तेव्हा रडू आलं नाही, आता तर नुसता थकवा आहे...

नायगावच्या आमच्या चाळीत ती समोरच्या खोलीत राहायची. लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी खोलीवर दहावीची शिकवणी घ्यायची. तोंडाने फटकळ. मीही तशीच, म्हणून आमचं पटायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, तिच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नसे.

आमची रेखा भूमितीत दोनदा नापास झाली. आमचे हे म्हणाले, "आता पुन्हा नापास झाली तर गावाला नेऊन लग्न लावून देतो." स्थळही बघून ठेवलं होतं. मी रेखाला हाताला धरून कमलकडे नेलं.

"मावशी, त्या साइन-कोसाइनच्या किमती लक्षातच राहत नाहीत. कॅल्क्युलेटर असता तर..."

"तो परीक्षेत नेऊ देत नाहीत. हात नेऊ देतात ना? आण डावा इकडे."

ऐकून ऐकून मलाही पाठ झालं: करंगळी शून्य अंश, मग तीस, पंचेचाळीस, साठ, आणि अंगठा नव्वद. हव्या त्या कोनाचं बोट मिटायचं, करंगळीच्या बाजूला उरलेली बोटं मोजायची, त्यांच्या वर्गमुळाला दोनाने भागायचं. झाला साइन. अंगठ्याच्या बाजूची मोजली की कोसाइन. भिंतीला टेकलेली शिडी, झाडाची उंची, सगळी गणितं तिने रेखाकडून अशीच करून घेतली. रेखा भाकरी थापता थापता बोटं मिटत बसायची, तव्यावरची करपायची. मी ओरडायचे.

परीक्षेत वर्गावरच्या बाईंनी तिचा पेपरच काढून घेतला. मागच्या मुलीला बोटांनी खुणा करते म्हणे! पोरीने रडत रडत त्यांना साठचा कोसाइन बोटांवर काढून दाखवला, तेव्हा पेपर परत मिळाला. गेलेला वेळ गेलाच. काठावर पास झाली. स्थळ परस्पर दुसरीकडे गेलं, रेखा पुढे शिकली, नोकरीला लागली.

कमल मात्र मला म्हणाली, "वहिनी, चूक माझी. पेपर हातात आल्याआल्या सगळ्या किमती कडेला कच्च्या लिहून ठेव, म्हणजे पुन्हा पुन्हा बोटं मिटायला नकोत, हे मी सांगायला हवं होतं." पुढे दर वर्षी पहिल्या दिवशी मुलांना तेच सांगायची.

चाळ आता पाडणार आहेत. तोवर तिच्या खोलीची किल्ली भाच्याने माझ्याकडे ठेवली आहे. संध्याकाळी दार उघडून केर काढते. परवा दार उघडं बघून शिकवणीची मुलं येऊन बसली. परीक्षा तोंडावर आलेली. मी त्यांना घरी पाठवणार, तेवढ्यात रेखा ऑफिसातून आली आणि चप्पल काढून सरळ आत शिरली.

"तू काय शिकवणार? काठावर पास झालेली तू."

"आई, हीपण काठावरचीच आहेत."

फळ्यावर कमलने काढलेला त्रिकोण तसाच होता, एका कोनाचा आकडा लिहायचा राहिलेला... मी फडकं ओलं केलं आणि फळा पुसून दिला.