गाडी किती लेट, दत्तराव?

पूर्णेत गाडीची वेळ मोबाइलवर दिसते, तरी लोक आधी दत्तरावांना विचारायचे. दत्तराव रेल्वेत कीमन. रोज सकाळी खांद्यावर हातोडा-पाना टाकून रूळ जागेवर धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत पाच-सहा किलोमीटर चालायचं, हे काम. मोबाइल म्हणायचा वीस मिनिटं, दत्तराव म्हणायचे पाऊण तास. आणि दत्तरावांचं ऐकून निवांत चहा पिणारा प्रवासी कधी हरला नाही. या मोठेपणाचं त्यांना फार कौतुक. मिशीवरून दिसायचं.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र कुणी विचारलं की म्हणायचे, "मला ठाऊक न्हाई." माणूस सव्वीस वर्षं रुळावर, आणि ठाऊक नाही!

माझं स्टेशनसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मंदीच्या दिवसांत मी टॅरोचे पत्ते मागवले होते. अठ्ठ्याहत्तर चित्रं. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, यातून भविष्य कळत नाही; चित्रात काय दिसतं ते माणूस सांगतो आणि सांगता सांगता स्वतःचंच मन त्याला ऐकू येतं. गिऱ्हाइकांना हे अजिबात पटलं नाही. "भरतीत नाव हाय का तेवढं सांग," म्हणायचे. पोपटवाला परवडला; त्याचा पोपट उलटे प्रश्न विचारत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दत्तरावांना माझ्याकडं पिटाळलं. जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहायला लागला होता. डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय येडा हाय का?" पत्त्यांना ते लागू नव्हतं.

"काढ लेका हरिओम, तुजा पोपट."

"पोपट तुमीच, काका. ओढा एक पत्ता."

पत्त्यावर एक पोरगा. काठीला गाठोडं, पायाशी उड्या मारणारं पांढरं कुत्रं, नजर आभाळात. आणि पुढचं पाऊल थेट कड्यावर. खाली इंग्रजीत नाव होतं, ते मी अंगठ्यानं झाकलं.

"काय दिसायलंय?"

"मेंढपाळ हाय."

"मग?"

"कुत्रं भुंकायलंय. पुढं कडा हाय म्हणून सांगायलंय. ह्यो ऐकंना."

"का ऐकंना?"

ते पत्त्यावर वाकले. "कुणीतरी म्हणलं असंल त्याला, जा, काई न्हाई."

"कोण म्हणलं, काका?"

प्रश्न पुस्तकातला होता, मी सवयीनं विचारला.

मग निघालं ते असं. श्रावणात चुडावा स्टेशनच्या अलीकडं वैजीनाथ नावाचा मेंढपाळ मेंढरं घेऊन रुळाजवळ थांबला होता. सगळे विचारतात तेच त्यानं विचारलं, गाडी किती लेट? दत्तराव ऐटीत म्हणाले, अर्धा तास हाय, काढ मेंढरं. पॅसेंजर खरोखरच लेट होती. आली ती मालगाडी. रुळावर कधीही काहीही येतं, हे दत्तरावांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? वैजीनाथ वाचला. कुत्रं आणि एकोणतीस मेंढरं गेली. चौकशीत वैजीनाथनं कुणाचं नाव घेतलं नाही. दत्तरावांनीही नाही.

"अंगठा काढ. खाली काय लिहिलंय?"

"मूर्ख."

"कोण? जाणारा का सांगणारा?"

मी पत्ता त्यांच्या हातात दिला.

पत्ता खिशात घालून ते रविवारी वैजीनाथच्या गावी, बोरीला गेले. मेंढरं संपली म्हणून वैजीनाथ यंदा पहिल्यांदाच ऊसतोडीला गेला होता. घरी म्हाताऱ्या सासूपायी मागं राहिलेली त्याची बायको झुंबरबाई, आणि दोन शेरडं. दत्तरावांनी दारात उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काढ मेंढरं, असं मी म्हणलो होतो."

झुंबरबाई शेरडांना पाला टाकत होती. तिनं वरही बघितलं नाही. "ठाऊक हाय की. मालकांनी त्याच दिशी सांगितलं. तुमी कवा येता, तेच बघायलो आमी."

बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"शिवी दिली असती तर लय बरं झालं असतं रे," दत्तराव मला म्हणाले. गुढीपाडव्याला वैजीनाथ परतला की पुन्हा जायचंय त्यांना. त्याच्यासमोर काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. जेवताना हात अजूनही थांबतो म्हणे. फरक एवढाच, की का थांबतो ते आता काकूंना माहीत आहे.

पत्ता त्यांच्याकडंच आहे. मीही मागितला नाही.

काल कॉलेजची एक पोरगी रूळ ओलांडायच्या बेतात होती. दत्तरावांना बघून थांबली. "काका, नांदेडची गाडी किती लेट हाय?"

"ठाऊक न्हाई. तू पुलावरून जा, पोरी."

तोंड वाकडं करून ती जिन्याकडं वळली. ती पलीकडं उतरेपर्यंत दत्तराव जागचे हलले नाहीत.