फ्लॉक्सच्या झुडपाखाली घोणस

मंडळी, आज आमच्याकडे काय घडलं ते सांगते.

सरावलीतल्या आमच्या अंगणात मी बुटका फ्लॉक्स हे फुलझाड लावलंय. दरवर्षी त्याच मुळांतून फुटतं, गुडघ्याएवढंच राहतं, पण भरगच्च वाढतं. दमट हवेने पानांवर पांढरी भुरी आली होती, म्हणून आज दुपारी खालची पानं खुडायला बसले.

हात आत घालणार, एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मंदाताई ओरडल्या, "वैनी, हलू नका! जनावर हाय तिथं!"

घोणस होती! बोटांपासून वीतभर अंतरावर, वेटोळं घालून. मंदाताई "हळूहळू मागं या" म्हणत होत्या आणि मी बसल्या बसल्याच मागे सरकत होते.

मंदाताईंनी फोन करून बोलावलेला सर्पमित्र तिला घेऊन गेला. मग घरात जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना कमी दिसतं. देवासाठी फ्लॉक्सची फुलं त्या रोज चाचपडतच तोडतात.

त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "अगं, सकाळी फुलं काढताना हाताला काहीतरी गार लागलं. पाण्याचा पाईप समजून मी ते बाजूला सारलं."

हे सगळं मी एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हातात त्यांचा हात आहे. तुम्ही तुमच्या झाडांखाली शेवटचं कधी वाकून बघितलंत?