सायन्सवाल्यांना मराठीचा तास

पालघरला कॉलेज नवीन निघालं तेव्हा मी तिथे मराठी शिकवायला लागले. तिकडे तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम जोरात होतं, म्हणून जो तो सायन्सला धावत होता. माझ्या वर्गात मोजकीच टाळकी. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "बाई, सायन्स काय नि कॉमर्स काय, आपल्या पोरांना लिहिताच येत नाही. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास तुम्ही घ्या."

रसायनशास्त्राचे सर हसले. "प्रयोगाला कसली आलीय भाषा? आणि आमचं सगळं इंग्रजीत."

"इंग्रजीत ते गाइडमधून उतरवतात," मी म्हटलं. "मी मराठीत लिहून घेते."

कॉमर्सच्या वर्गात 'आपला देश शेतीप्रधान आहे' या वाक्याने सुरुवात करायला मी बंदी घातली, तर निम्मा वर्ग तासभर पेन चावत बसला.

सायन्सवाल्यांना सांगितलं, "मी जन्मात प्रयोगशाळेत पाऊल टाकलेलं नाही. वाचून मला तुमचं ते आम्ल मोजायचं टायट्रेशन करता येईल, असं लिहा."

पुढच्या तासाला त्यांचेच कागद घेऊन मी प्रयोगशाळेत उभी राहिले. बेटेगावच्या एका मुलाने सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'ब्युरेट आम्लाने काठोकाठ भरावी.' मी भरायला लागले. त्या उभ्या नळीला खाली नळ असतो आणि तो आधी बंद करायचा असतो, हे त्याने लिहिलं नव्हतं. आम्ल टेबलावरून थेट माझ्या साडीवर! पाणी घालून सौम्य केलेलं होतं म्हणून बरं.

वर्ग खो खो हसत सुटला. सर धावत आले. मला हात धुवायला लावून पोरांकडे वळले.

"नळ बंद करा, असं कुणी लिहिलंय?"

"सर, ते तर सगळ्यांना माहीतच असतं."

"बाईंना होतं का?"

मग सर स्वतःच स्टूल ओढून बसले आणि सगळ्यांकडून पुन्हा लिहून घेतलं. मुरबे गावची एक मुलगी होती, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिचा कागद त्यांनी मोठ्याने वाचला, 'आदी खालचा नळ बंद हाय का बगा. उगडा असला तर अंगावर सांडतं. समजलं नाय तर इचारा, लाजू नका.'

पोरं फिदीफिदी हसली. तिने मान खाली घातली.

"शुद्धलेखन बाई बघतील," सर म्हणाले, "पण प्रयोग हिच्या कागदावरून करायचा. मी हा भिंतीवर लावणार."

मी लाल पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. तास संपल्यावर तिला विचारलं, "आहे तसाच लावू की बदलायचाय?"

"बदलते, बाई. हसतात ना. पन शेवटचं वाक्य काडू नका."

तिने नवा कागद लिहून आणला. 'हाय'चं 'आहे' झालं होतं, 'इचारा'चं 'विचारा'. शेवटचं वाक्य मात्र तिने सगळ्यांत ठळक काढलं होतं.

पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांनी ते इतकं मनावर घेतलं, की प्रश्नांनी सरांना भंडावून सोडलं. सर कुरकुरत माझ्याकडे यायचे आणि स्वतःच दोन चहा सांगायचे.